'ह्युमिक ९८%' म्हणजे नक्की किती? माती आणि कोळशातून ह्युमिक ॲसिड काढतात कसं आणि मोजतात कसं?

द्राक्षाची छाटणी झाली, डाळिंबाचा बहार धरला किंवा उसाला ठिबक सुरू केलं की कृषी सेवा केंद्राच्या बिलात एक नाव हमखास दिसतं: ह्युमिक. काळ्या चमकदार चुऱ्याची पिशवी किंवा काळ्या पाण्याचा कॅन. लेबलवर मोठ्या अक्षरात ९५% किंवा ९८%. सोबत आश्वासन असतं की पांढरी मुळी चालेल, जमीन भुसभुशीत होईल, सेंद्रिय कर्ब वाढेल.

पण हे ९८ टक्के नेमके कशाचे? ते कुणी आणि कसे मोजले? पिशवीतला हा काळा पदार्थ येतो कुठून? आणि एकरी एक किलो टाकून खरंच जमिनीचा कर्ब वाढतो का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर आधी प्रयोगशाळेत जावं लागतं, कारण ह्युमिक ॲसिडची व्याख्याच प्रयोगशाळेतल्या एका कृतीवर उभी आहे.

ह्युमिक ॲसिड म्हणजे काय?

व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड किंवा लिंबातलं सायट्रिक ॲसिड हे एकाच ठरावीक रेणूचं नाव आहे. त्याचं रासायनिक सूत्र कागदावर लिहिता येतं. ह्युमिक ॲसिडचं तसं नाही. पाला, मुळं, लाकूड, मेलेले सूक्ष्मजीव हे सगळं कुजून, बदलून जे काळपट-तपकिरी मिश्रण तयार होतं, त्याच्या एका भागाला हे नाव दिलेलं आहे. त्यात हजारो प्रकारचे रेणू असतात.

मग हा 'एक भाग' ठरवायचा कसा? तर तो कशात विरघळतो आणि कशात नाही, यावरून. नियम असा:

- अल्कलीत विरघळतं, पण ॲसिडमध्ये साका होऊन खाली बसतं, ते ह्युमिक ॲसिड.
- अल्कलीतही विरघळतं आणि ॲसिडमध्येही, ते फुल्विक ॲसिड.
- दोन्हींत विरघळत नाही, ते ह्युमिन.

ही कल्पना जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी १७८६ मध्ये पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, अल्कलीत भिजवून त्यातून काळा द्रव काढला आणि ॲसिड टाकून त्याचा साका मिळवला. आज जगभरातल्या प्रयोगशाळा मुळात हेच करतात. फक्त प्रमाणं आणि वेळा ठरवून दिलेल्या आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनॅशनल ह्युमिक सबस्टन्सेस सोसायटी'ने मातीसाठी एक प्रमाण पद्धत ठरवली आणि तुलनेसाठी प्रमाण नमुनेही उपलब्ध करून दिले.

मातीतून ह्युमिक ॲसिड कसं काढतात?

*पहिली पायरी: चाळणी.* माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. मुळं, काड्या, खडे बाजूला करतात.

*दुसरी पायरी: ॲसिडची धुणी.* मातीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून सामू १ ते २ च्या दरम्यान आणतात. हे आधी का? मातीतलं कॅल्शियम सेंद्रिय पदार्थाला चिकणमातीच्या कणांशी बांधून ठेवतं. ही गाठ सोडवल्याशिवाय पुढे अल्कली नीट काम करत नाही. महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तर चुना आधी फसफसून बरंच ॲसिड खाऊन टाकतो. सामू खाली येईपर्यंत ॲसिड घालत राहावं लागतं.

*तिसरी पायरी: अल्कली.* आता ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा. एक भाग मातीला दहा भाग द्रावण या प्रमाणात ते घालून किमान चार तास हलवत ठेवतात. द्रावण चहाच्या कोऱ्या अर्कासारखं काळं होतं. हे काम नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली करतात. अल्कलीत हवेतला ऑक्सिजन मिसळला तर सेंद्रिय पदार्थाचं ऑक्सिडेशन होतं आणि मूळ मातीत नसलेलंच काहीतरी तयार होण्याची भीती असते.

*चौथी पायरी: वेगळं करणं.* द्रावण सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवतात. तळाशी माती आणि ह्युमिन राहतं, वर काळा द्रव. या द्रवात तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून सामू १ वर आणतात आणि १२ ते १६ तास तसंच ठेवतात. दूध नासल्यावर चोथा वेगळा व्हावा तसा काळा साका खाली बसतो. तो म्हणजे ह्युमिक ॲसिड. वर राहिलेलं पिवळसर पाणी म्हणजे फुल्विकचा भाग.

*पाचवी पायरी: शुद्धीकरण.* या साक्यात अजून बारीक चिकणमाती अडकलेली असते. ती काढायला हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडचं मिश्रण वापरतात, कारण सिलिका विरघळवण्याचं काम हायड्रोफ्लोरिक करतं. हे ॲसिड अत्यंत धोकादायक आहे, त्यामुळे हे काम सुसज्ज प्रयोगशाळेतच होतं. मग डायलिसिसच्या पिशवीत ठेवून क्षार काढतात आणि गोठवून वाळवतात. हातात येते थोडीशी काळी भुकटी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काळी जमीन म्हणजे ह्युमसने भरलेली जमीन, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी १ टक्क्याच्या आत असतो. थोडासा सेंद्रिय पदार्थ तिथल्या चिकणमातीच्या खनिजांशी घट्ट बांधला जातो आणि रंग गडद दिसतो. त्यामुळे मातीच्या रंगावरून ह्युमिकचा अंदाज बांधता येत नाही.

मग बाजारातलं ह्युमिक मातीतून येतं का?

नाही. मातीत ते इतकं कमी असतं की धंदा म्हणून परवडणारच नाही. बाजारातलं बहुतेक ह्युमिक येतं कोळशाच्या कुळातून. पण कोणताही कोळसा त्यासाठी चालत नाही.

झाडं दलदलीत गाडली गेली की आधी पीट बनतं. मग दाब, उष्णता आणि काळ यांच्यामुळे त्याचा क्रमाने लिग्नाइट, सब-बिटुमिनस, बिटुमिनस आणि शेवटी अँथ्रासाइट होत जातो. कोळसा जसजसा 'पिकत' जातो, तसतसे त्यातले ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी गट निघून जातात. अल्कलीत विरघळण्याचा गुण याच गटांमुळे असतो. म्हणून लिग्नाइटमधून ह्युमिक निघतं, पण पक्क्या बिटुमिनस कोळशातून जवळजवळ काहीच निघत नाही.

त्यामुळेच चंद्रपूर आणि वणीचा कोळसा विजेसाठी कामाचा असला, तरी ह्युमिकसाठी तो चांगला कच्चा माल नाही. तो गोंडवाना काळातला, कोट्यवधी वर्षं जास्त जुना आणि जास्त पक्व आहे. भारतातलं लिग्नाइट आहे तमिळनाडूतल्या नेयवेलीत, गुजरातच्या कच्छमध्ये आणि राजस्थानच्या बिकानेर-बारमेर पट्ट्यात.

सगळ्यात जास्त मागणी असते लिओनार्डाइटला. जमिनीच्या पृष्ठभागाजवळ असलेलं लिग्नाइट हवा-पाण्याच्या संपर्कात राहून नैसर्गिकरीत्या ऑक्सिडाइज होतं, तेव्हा हा मऊ, तपकिरी-काळा पदार्थ बनतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे संचालक ए. जी. लिओनार्ड यांच्यावरून त्याला हे नाव मिळालं. जळण म्हणून तो कमअस्सल ठरतो, पण त्यात ऑक्सिजनचे गट वाढलेले असतात आणि म्हणून ह्युमिक भरपूर निघतं.

कारखान्यातली कृती प्रयोगशाळेपेक्षा सोपी असते. लिओनार्डाइट किंवा लिग्नाइट दळतात, पाणी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवत ढवळतात, गाळ काढतात आणि काळा द्रव वाळवून त्याचे पापुद्रे किंवा भुकटी करतात. सोडियमऐवजी पोटॅशियम वापरायचं कारण उघड आहे: पोटॅश हे पिकाचं अन्न आहे आणि सोडियम वाढलं तर जमीन खराब होते.

म्हणजे पिशवीत जे असतं ते शुद्ध ह्युमिक ॲसिड नसतं, ते असतं पोटॅशियम ह्युमेट. ॲसिड टाकून साका करण्याची पायरी इथे बहुधा घेतलीच जात नाही. म्हणूनच ते पाण्यात सहज विरघळतं.

ते खरं आहे हे ओळखतात कसं?

काळा रंग हा पुरावा नाही. मळीचं पाणीही काळं असतं आणि कागद कारखान्यातून निघणारं लिग्नोसल्फोनेटही तपकिरी-काळं असतं. त्यामुळे प्रयोगशाळेत वेगवेगळ्या चाचण्या एकमेकींशी ताडून बघतात.

*राख.* नमुना जाळून किती राख उरते ते बघतात. शुद्ध केलेल्या ह्युमिक ॲसिडमध्ये राख १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवी. जास्त राख म्हणजे माती, सिलिका किंवा क्षार शिल्लक आहेत.

*मूलद्रव्यं.* कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन किती, हे मोजतात. प्रमाण नमुन्यांत इथे छान फरक दिसतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या 'इलियट' मातीतून काढलेल्या ह्युमिक ॲसिडमध्ये कार्बन सुमारे ५८ टक्के आणि नायट्रोजन सुमारे ४ टक्के आहे. लिओनार्डाइटच्या ह्युमिक ॲसिडमध्ये कार्बन सुमारे ६४ टक्के, पण नायट्रोजन जेमतेम १.२ टक्के. मातीत सूक्ष्मजीव जगत-मरत असतात, त्यांच्या प्रथिनांचा नायट्रोजन ह्युमिकमध्ये येतो. कोळशात तो मिळत नाही.

*प्रकाशाची चाचणी.* द्रावण ४६५ आणि ६६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं, हे मोजून त्यांचं गुणोत्तर काढतात. ह्युमिक ॲसिडसाठी ते साधारण ५ च्या खाली येतं, फुल्विकसाठी त्याहून बरंच वर. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण फक्त अंदाज देणारी.

*इन्फ्रारेड.* कोणते रासायनिक गट आहेत, ते यात दिसतं. आम्लधर्मी कार्बोक्सिल गटाची खूण १७२० च्या आसपास उमटते. लिग्नोसल्फोनेटची भेसळ असेल तर सल्फोनेट गटाच्या वेगळ्या खुणा दिसतात.

*कार्बन-१४.* या किरणोत्सारी कार्बनचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं असतं. मातीतल्या आणि कंपोस्टमधल्या ह्युमिकमध्ये तो सापडतो. लाखो-कोटी वर्षं जुन्या लिग्नाइटमध्ये तो केव्हाच संपलेला असतो. 'आमचं ह्युमिक गांडूळ खतापासून बनवलंय' असा दावा खरा आहे का, हे या चाचणीने ठरवता येतं. मात्र ती महागडी आहे.

आता ९८ टक्क्यांचं गणित

समजा पिशवीवर लिहिलंय: ह्युमिक ९८%, पोटॅश (के-टू-ओ) १०%. शंभर किलो मालाचा हिशोब मांडून बघू.

१० टक्के के-टू-ओ म्हणजे प्रत्यक्ष पोटॅशियम सुमारे ८ किलो. अशा मालात ओलावाही असतो, तो १२ किलो धरू. आता उरले ८० किलो. त्यातही कोळशातली थोडी खनिजं येतात. म्हणजे ह्युमिक ॲसिड ८० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. मग ९८ आले कुठून?

बऱ्याचदा हा आकडा 'पाण्यात ९८ टक्के विरघळतं' असं सांगणारा असतो. कधी तो ओलावा वगळून काढलेला असतो. कधी 'पोटॅशियम ह्युमेट ९८%' हेच 'ह्युमिक ९८%' म्हणून वाचलं जातं. आणि कधी गोंधळ मोजण्याच्या पद्धतीतच असतो.

रंगावरून मोजणाऱ्या पद्धतीत द्रावण जितकं काळं, तितकं ह्युमिक जास्त असं धरतात. नमुना प्रमाण द्रावणापेक्षा गडद असला किंवा त्यात दुसरं काही काळं मिसळलेलं असलं, की आकडा फुगतो. कार्बनचं ऑक्सिडेशन करून मोजणाऱ्या पद्धतीत मळीतली साखरसुद्धा ह्युमिक म्हणून मोजली जाऊ शकते.

हा घोळ कमी करण्यासाठी २०१८ मध्ये आयएसओ १९८२२ ही आंतरराष्ट्रीय मोजणी पद्धत आली. तिचं तत्त्व आखार्ड यांच्या प्रयोगासारखंच आहे. नमुना अल्कलीत विरघळवायचा, ॲसिडने साका करायचा, तो वाळवून थेट वजन करायचं आणि त्यातली राख वजा करायची. फुल्विकचा भाग एका खास रेझिनमधून पाठवून वेगळा पकडतात, म्हणजे साखर वगैरे निसटून जाते. एकाच मालाचा आकडा रंगाच्या पद्धतीत मोठा आणि या वजनाच्या पद्धतीत बराच लहान येऊ शकतो.

म्हणून 'किती टक्के?' या प्रश्नाच्या जोडीला 'कोणत्या पद्धतीने मोजलं?' हाही प्रश्न विचारायला हवा.

ह्युमिक ॲसिड खरंच मातीत असतं का?

शास्त्रज्ञांमध्ये यावरच मोठा वाद आहे. २०१५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर यांनी मांडलं की, १३ सामूच्या अल्कलीत माती भिजवून जे मिळतं ते त्या कृतीतून तयार झालेलं असतं. निसर्गात मातीचा सामू इतका कधी नसतो. मातीत प्रत्यक्ष असतात ते कुजण्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे, सतत लहान होत जाणारे सेंद्रिय तुकडे. 'ह्युमिक' नावाचे मोठे, टिकाऊ रेणू मातीत बनतात याला थेट पुरावा नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या बाजूने अमेरिकेच्या कृषी विभागातले डॅनियल ओल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उत्तर दिलं. अल्कलीने काढलेले अर्क मातीतल्या सेंद्रिय पदार्थाबद्दल उपयोगी माहिती देतात, शेतीत आणि पाण्याच्या अभ्यासात त्यांचा उपयोग दिसून आला आहे, असा त्यांचा मुद्दा आहे.

हा वाद मातीपुरता आहे. पिशवीतला पोटॅशियम ह्युमेट हा खराखुरा पदार्थ आहे आणि पिकावर त्याचा परिणाम होतो का, हे प्रयोगाने तपासता येतं.

पिकाला फायदा होतो का?

होऊ शकतो, पण दर वेळी नाही. मायकेल रोझ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून पाहिले. ह्युमिक पदार्थ दिल्यावर झाडाच्या वरच्या भागाचं कोरडं वजन सरासरी २२ टक्के आणि मुळांचं २१ टक्के वाढलेलं दिसलं. पण त्यांनी हेही नोंदवलं की परिणाम ह्युमिकचा स्रोत, मात्रा, पीक आणि परिस्थिती यांवर खूप बदलतो. शिवाय रोपाचं वजन वाढणं म्हणजे एकरी उत्पन्न तेवढंच वाढणं नव्हे.

पांढऱ्या मुळीच्या दाव्यालाही आधार आहे. ब्राझीलमधल्या लुसियानो कानेल्लास यांच्या गटाने २००२ मध्ये गांडूळ खतातून काढलेलं ह्युमिक मक्याच्या मुळांना दिलं, तेव्हा बाजूची मुळं वाढली आणि मुळांच्या पेशींतून प्रोटॉन बाहेर टाकणारी यंत्रणा जास्त सक्रिय झाली. लोह, जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचा गुणही ह्युमिकमध्ये आहे.

मात्र 'सेंद्रिय कर्ब वाढतो' हा दावा गणितात टिकत नाही. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन साधारण ८ लाख किलो भरतं. कर्ब ०.५ टक्के असेल तर त्या थरात ४,००० किलो कर्ब आहे. तो ०.५ वरून ०.६ करायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. एक किलो ह्युमेटच्या पिशवीतून मिळतो साधारण अर्धा किलो. म्हणजे १,६०० पिशव्या लागतील!

याउलट उसाचं पाचट हेक्टरी ८ ते १० टन, म्हणजे एकरी ३ ते ४ टन निघतं. त्यात एक टनाहून जास्त कार्बन असतो. कुजताना त्यातला बराचसा कार्बन डायऑक्साइड म्हणून उडून जातो, तरीही मागे उरणारा कर्ब ह्युमिकच्या पिशवीपेक्षा कितीतरी जास्त असतो. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खतं यांचंही तेच. ह्युमिकला फार तर टॉनिक म्हणता येईल, जमिनीचं जेवण नाही.

सरकारी नियम काय सांगतो?

अनेक वर्षं ही उत्पादनं कायद्याच्या कक्षेबाहेरच विकली जात होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून 'बायोस्टिम्युलंट' हा नवा वर्ग आणला. ह्युमिक, फुल्विक ॲसिड आणि त्यांची संयुगं हा त्यातला एक गट. सुरुवातीला कंपन्यांना तात्पुरत्या प्रमाणपत्रावर विक्री करता येत होती. ती मुदत वाढत वाढत जून २०२५ मध्ये संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सांगितलं की, पूर्वी अशी सुमारे ३०,००० उत्पादनं तपासणीविना विकली जात होती आणि कडक तपासणीनंतर हा आकडा सुमारे ६५० वर आला आहे.

खरेदी करताना काय बघावं?

- पक्कं बिल घ्यावं आणि उत्पादनाला खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता आहे का, ते विचारावं. शंका आली तर तालुका कृषी कार्यालयात चौकशी करता येते.
- लेबलवर ह्युमिक ॲसिड, पोटॅश, ओलावा आणि विद्राव्यता हे आकडे वेगवेगळे दिलेत का, ते बघावं. विद्राव्यता सोडून बाकीच्यांची बेरीज शंभराच्या पुढे जात असेल तर शंका घ्यावी.
- हजारो रुपयांची खरेदी असेल तर विक्रेत्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागावा आणि त्यात मोजणीची पद्धत लिहिली आहे का, ते तपासावं.
- ठिबकच्या टाकीत ह्युमिकसोबत फॉस्फरिक ॲसिड किंवा कॅल्शियम नायट्रेट एकत्र टाकू नये. ॲसिडमध्ये आणि कॅल्शियमसोबत ह्युमिकचा साका होतो, म्हणजे प्रयोगशाळेतली चौथी पायरी टाकीतच घडते आणि ड्रीपर चोक होतात.
- फायदा होतोय का हे बघायचं असेल तर दोन-चार ओळी ह्युमिक न देता सोडाव्यात. बाकी खत-पाणी सारखंच ठेवावं आणि तोडणीच्या वेळी दोन्हीकडचं वजन वेगळं करावं.

शेवटची गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे. तिला ना सेंट्रिफ्यूज लागतं, ना कार्बन-१४. आपल्या जमिनीत, आपल्या पिकाला त्या पिशवीचे पैसे वसूल होतात की नाही, हे मात्र तिच्यातून कळतं.